पावसाचा ‘तो’

फ्रेंचमध्ये पाऊस पडतो तेव्हा ‘इल प्ल’ म्हणतात. यातला ‘इल’ म्हणजे ‘तो’. पण तो कोणीच नाही. वाक्याला कर्ता हवा म्हणून जागा भरलेली. आपण ‘उजाडलं’, ‘सांजावलं’ म्हणतो तेव्हा तेवढीही गरज भासत नाही. आपले व्याकरणकार अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात. पावसाबद्दल, पहाटेबद्दल असं बोलणं प्रामाणिकच आहे.

पण तोच ‘इल’ ‘इल फो’मध्येही येतो: करायला हवं. हे क्रियापद या एका ‘इल’शिवाय कोणाबरोबरच चालत नाही. पॅरिसमध्ये राहत असताना घरमालकीणबाई म्हणायच्या, ‘इल फो’ कचरा बाहेर ठेवणं. हुकूम असायचा, हुकूम देणारं कोणी नसायचं. मला राग यायचा.

एका रविवारी आईने फोनवर विचारलं, ‘कधी येतोस?’ मी म्हणालो, ‘यायला पाहिजे.’ मला, तुला, त्याला. आपलं ‘पाहिजे’ही माणूस पाहून बदलत नाही. वाक्य शुद्ध होतं, फक्त त्यात मी नव्हतो. घरमालकीणबाईंवर रागावण्याचा माझा हक्क तिथेच संपला.

‘इल फो पार्तीर’, निघायला हवं. कोणी, ते कळत नाही. ‘इल फो क ज पार्त’ म्हटलं की ‘ज’, म्हणजे ‘मी’, वाक्यात येतो. ‘इल’ जात नाही; कर्तव्य कुठून आलं हे तेव्हाही कळत नाही. पण ते कोणाच्या अंगावर आहे, हे कळतं. मला वाटतं, माणसाकडून इतकीच अपेक्षा ठेवता येते.

मी आईला पुन्हा फोन लावला. म्हणालो, ‘दिवाळीला येतो.’