सोसणे आणि मानवणे

हवा मानवते, पाणी मानवते, तसे औषधही मानवते किंवा मानवत नाही. या शब्दात दोष कोणाच्याच माथी येत नाही. पण ‘औषध सोसत नाही’ असे म्हटले, की नकळत माणसाची परीक्षा सुरू होते. कारण सोसणे हा आपल्याकडे निव्वळ शरीराचा व्यवहार नाही. तो गुण मानला गेला आहे, आणि घरातल्या स्त्रीकडून तर तो गृहीतच धरला गेला आहे. शरीराला जे पेलत नाही, त्याबद्दल माणसाच्या स्वभावाला जबाबदार धरता येईल काय? हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत आला आहे, आणि त्याचे कारण घरचेच आहे.

1966 साली इंदूरच्या आमच्या एकत्र कुटुंबात थोरले काका आणि धाकटी काकू या दोघांना क्षय झाला. दोघांच्याही उपचारात आयसोनियाझिडच्या गोळ्या होत्या. काका सुधारले. काकूच्या तळपायांना मात्र काही महिन्यांत मुंग्या येऊ लागल्या, पुढे जळजळ आणि मग बधिरपणा आला. ती पाऊल चाचपत टाकी. आजी म्हणे, ‘‘थोरल्यानं निमूट सोसलं, हिचंच काय ते जगावेगळं!’’ मी नऊ वर्षांचा होतो. काकूच्या चालण्याची नक्कल करून दाखवी आणि ओसरीवरची मंडळी हसत. हळूहळू तिने तक्रार करणे सोडले. नंतर कळले की गोळ्या घेणेही सोडले होते. वृंदावनाच्या मातीत पुरलेल्या गोळ्या सापडल्या तोवर खोकला परतला होता. उपचार पुन्हा सुरू झाले, नव्या डॉक्टरांनी सोबत ब-6 जीवनसत्त्व दिले. काकू वाचली, पण तळपायांची जाणीव पुरती परत आली नाही.

आजी जिला जगावेगळी म्हणाली, ती बहुधा जगासारखीच होती. आयसोनियाझिडचा निचरा करण्याचे काम मुख्यतः यकृतातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, करते. ते किती वेगाने काम करील हे आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरते. 1960 साली इव्हान्स, मॅन्ले आणि मॅक्युसिक यांनी कुटुंबांच्या पाहणीतून ही आनुवंशिकता दाखवून दिली. काहींच्या रक्तातले औषध सुमारे तासाभरात निम्म्यावर येते, तर काहींना त्यासाठी तीन तास लागतात. अशा मंद निचऱ्याच्या माणसांत औषध शरीरात रेंगाळते, ब-6 जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि मज्जातंतूंना इजा होण्याचा संभव वाढतो. भारतात अशा मंद निचऱ्याची माणसे निम्म्याहून अधिक आहेत. मग सोशिक कोण आणि नाजूक कोण? काकांनी जे ‘सोसले’, ते कदाचित त्यांच्या वाट्याला तितके आलेच नव्हते.

इथे थांबलो असतो, तर सारा भार जनुकांवर टाकून मी मोकळा झालो असतो. पण मंद निचऱ्याच्या प्रत्येकाचे पाय बधिर होत नाहीत. ज्याचे पोषण आधीच तोकडे, त्याला धोका अधिक. आमच्या घरात काकू सर्वांच्या शेवटी जेवायला बसे, आणि पातेल्यात जे उरे ते तिचे असे. तिच्या जनुकांची तपासणी कधी झाली नाही. परंतु तिच्या ताटात काय असे, हे आम्हां सर्वांना दिसत होते. दैवाने काही दिले असेल, उरलेले आमच्या स्वयंपाकघराने पुरे केले.

आणखी एक समजूत सोडून द्यावी लागते. निचरा जलद तो चांगला, असेही नाही. कोडीन या वेदनाशामकाचे शरीरात मॉर्फीन होते, तेव्हाच त्याचा गुण येतो. ज्यांचे संबंधित विकर दुबळे, त्यांची वेदना तशीच राहते. ज्यांचे अतिजलद, त्यांच्यात नेहमीच्या मात्रेतूनही घातक प्रमाणात मॉर्फीन तयार होऊ शकते. काही मुलांचे मृत्यू झाल्यावर 2013 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा दिला. पूरक जीवनसत्त्वे निरुपद्रवी, हाही असाच भाबडा समज. ज्या ब-6ने काकूला आधार दिला, तेच मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंना इजा करते. एकाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा देता येत नाही. ‘मला गुण आला, तूही घे’ या आग्रहात प्रेम असते, पण समोरच्याचे शरीर त्यात नसते.

यावर कोणी रास्त आक्षेप घेईल : प्रत्येकाची कुरकुर ऐकत बसले, तर औषधे अर्ध्यावर सुटतील, आणि क्षयासारख्या रोगात त्याचे फळ इतरांनाही भोगावे लागेल. हे खरेच आहे. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करण्याचा अधिकार काकूला नव्हता. परंतु गोळ्या मातीत गेल्या, त्या आम्ही तिचे ऐकले म्हणून नव्हे, ऐकले नाही म्हणून. तिचे पाय सांभाळायला जनुकांची परीक्षा लागत नव्हती. ‘पाय बधिर होतात’ हे तिचे वाक्य कोणीतरी खरे मानून वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला हवे होते. स्वस्तातली ब-6ची गोळी तेव्हाही मिळत होती.

विज्ञानाने शरीराशरीरांतील भेद मोजून दिला, हे त्याचे ऋण आहे. पण न मोजलेल्या वेदनेवर विश्वास ठेवायचा की नाही, हा निर्णय विज्ञान आपल्यासाठी करीत नाही. तो घरातच, दुसऱ्याचे वाक्य पुरते ऐकून घेताना होतो. सोसणे हा गुण असेलही. तो स्वतःकडून मागावा. दुसऱ्याकडून मागितला, की त्याचा जुलूम होतो.

काकू 2004 साली गेली. शेवटपर्यंत ती भिंतीला हात लावून चालत असे. तिची क्षमा मागायला मला अडतीस वर्षे मिळाली होती. मी ती मागितली नाही.