मिक्सरमधला मासा
डेन्मार्कमध्ये कोल्डिंग येथील ट्रापहोल्ट संग्रहालयात २००० साली मार्को एव्हारिस्ती या चिलीत जन्मलेल्या कलावंताने दहा मिक्सर मांडले. प्रत्येकात पाणी आणि एक जिवंत गोल्डफिश. वीज जोडलेली, बटण प्रेक्षकाच्या हाताशी. ‘हेलेना’ या मांडणीत दाबा असे कोणी सांगत नव्हते आणि दाबू नका असेही नाही. काहींनी बटण दाबले, मासे मेले.

प्राण्यांशी क्रूरपणे वागल्याबद्दल संग्रहालयाच्या संचालकांना दोन हजार क्रोनरचा दंड झाला. तो भरायला त्यांनी नकार दिला. मासा क्षणार्धात मेला, त्याचे हाल झाले नाहीत, असे धरून न्यायालयाने २००३ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले. प्राण्याला वेदना होतात का, हाच प्रश्न इंग्लिश तत्त्वज्ञ बेंथमने १७८९ मध्ये महत्त्वाचा मानला होता. न्यायालयही तिथेच थांबले. जीव गेला, हे मात्र त्या हिशेबात कुठेच आले नाही.

कलावंताचा बचाव असा असतो की कृती प्रेक्षकाची, आपण फक्त आरसा धरला. या बचावाचे उत्तर फार जुने आहे. जैन आचारशास्त्र आणि पतंजलीची योगसूत्रे हिंसा तीन प्रकारची मानतात: कृत, कारित आणि अनुमोदित. म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून मान्य केलेली. बटण दाबणारा पहिल्या प्रकारात येतो. मिक्सर भरून, वीज जोडून, दार उघडे ठेवणारे दुसऱ्यात. आरशाला वायर नसते.

मुळात वायरची गरज होती का? येल विद्यापीठात १९६१ पासून मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी केलेल्या प्रयोगांत माणसे हुकमावरून समोरच्याला विजेचे झटके देत होती. झटके खोटे होते. देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. (त्या प्रयोगांवर फसवणुकीचा आक्षेप आहेच, पण तो वेगळा.) माणूस कुठवर जातो, हे समोरच्याला झटका न बसता कळले. ‘हेलेना’तले बटण निकामी असते, तरी ते दाबणाऱ्याची परीक्षा तेवढीच झाली असती. मासा खरोखर मरण्याने फक्त खळबळ वाढली.

ताटात मासा चालतो, मग कलेत का नाही, हा आक्षेप जास्त अवघड आहे. तो ढोंगावर नेमके बोट ठेवतो. पण दुसऱ्याचे ढोंग सिद्ध झाल्याने आपली कृती निर्दोष होत नाही. एव्हारिस्ती यांनीच २०२५ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कच्या वराहपालन उद्योगाचा निषेध म्हणून डुकराची तीन पिले उपाशी ठेवून मरू देण्याचे प्रदर्शन मांडले. उद्योगावरची टीका रास्त होती. उपाशी पिलाला मात्र टीका आणि उद्योग यांतला फरक कळणार नव्हता. प्रदर्शन सुरू झाल्यावर लगेचच ती पिले तिथून चोरीला गेली.