चिखल कोणाचा?

पाऊस धरला की कुत्रा पाळलेल्या घरात रोज दोनदा एक पेच उभा राहतो. मैदानांचा राडा झालेला असतो, टेकडीवरच्या पायवाटा निसरड्या झालेल्या असतात, खोदून ठेवलेल्या रस्त्यांच्या कडेला गढूळ पाणी साचलेलं असतं. अशा वाटांवरून पाऊण तास हुंदडून कुत्रा घरी येतो, तेव्हा त्याचे चारी पाय माखलेले असतात, पोटाखालून पाणी ठिबकत असतं, शेपटीत कुसळं अडकलेली असतात आणि डोळ्यांत निखळ आनंद असतो. दाराच्या आत मात्र नुकतीच पुसलेली फरशी असते. पट्टा हातात धरलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी जे येतं, त्याचा विचार आज करायचा आहे.

बहुतेकदा मनात वैताग येतो. ‘काय करून आलास हे!’ असं आपण म्हणतो आणि तेवढ्याने चिखलाचं सगळं खापर त्याच्या माथी फुटतं. तो कुठे राहणार हे आपण ठरवलं. चौथ्या मजल्यावरचं घर, पांढरी फरशी, फिकट रंगाचा सोफा ही निवड आपली. त्याला कधी, कुठे आणि किती वेळ बाहेर न्यायचं, हेही आपणच ठरवतो. यातल्या एकाही निर्णयात त्याला विचारलेलं नाही. ओली माती हुंगणं, गवतात लोळणं, डबक्यात पाय घालणं हे त्याच्या जगण्याचं अंग आहे. माती त्याला घाण वाटतच नाही. ती आपल्याला घाण वाटते, आणि आपल्या घराच्या हिशेबात ती घाण आहेही. पण हा हिशेब आपला आहे हे विसरलं, की हातातलं काम शिक्षेसारखं होतं. पाय ओढला जातो, मान दाबली जाते, पंचा जोरात घासला जातो. कुत्र्याला एवढंच कळतं की बाहेर जाऊन आल्यावर दाराशी आपल्यावर कोणीतरी रागावतं. का रागावतं हे कळण्याचा मार्ग त्याच्याकडे नाही.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराच्या पाठोपाठ चालत गेलेला कुत्रा सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच ग्रंथाच्या आरंभी, आदिपर्वातल्या पौष्यपर्वात, आणखी एक कुत्रा येतो. त्याची आठवण फारशी निघत नाही. जनमेजय राजा भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करत होता. तिथे देवशुनी सरमेचं पिल्लू आलं. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन या राजाच्या तीन भावांनी त्याला मारलं. पिल्लू रडत आईकडे गेलं. तुझीच काही चूक झाली असेल, असं आई म्हणाली. त्यावर त्याने सांगितलं, की आपण हवनद्रव्याकडे पाहिलंही नाही, मग चाटण्याचा प्रश्नच नाही. सरमा यज्ञभूमीवर गेली आणि माझ्या निरपराध मुलाला का मारलंत, असं तिने विचारलं. तिथे कोणाकडेच उत्तर नव्हतं. तेव्हा तिने शाप दिला, की ध्यानीमनी नसलेलं भय तुमच्यावर येईल. एवढा मोठा राजा त्या शापाने अस्वस्थ झाला आणि त्याचं निवारण करू शकेल असा पुरोहित शोधत फिरला.

मला या कथेतला प्रश्न फार मोलाचा वाटतो. त्या भावांच्या दृष्टीने भूमी पवित्र होती आणि कुत्रा अपवित्र होता, त्यामुळे त्याचं तिथे येणं हाच गुन्हा ठरला. त्याने प्रत्यक्षात काय केलं, हे कोणी पाहिलंच नाही. आपल्या स्वच्छतेच्या कल्पनेपायी दुसऱ्या जिवाला दोषी ठरवण्याची ही सवय फार जुनी आहे. आज यज्ञभूमीच्या जागी आपली फरशी आली आहे. सरमेने विचारलेला प्रश्न तिथेही तसाच लागू पडतो.

चिखलाचा त्रास टाळण्याची एक सोपी वाट पुष्कळ घरं धरतात. पाऊस आहे तोवर कुत्र्याला बाहेर न्यायचंच नाही, गॅलरीत वर्तमानपत्र अंथरायचं आणि काम भागवायचं. एखाद्या दिवशी, वादळी पावसात, हे समजण्यासारखं आहे. पण आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. चार महिने चार भिंतींत कोंडलेला कुत्रा भुंकतो, चपला कुरतडतो, गोल गोल फिरत राहतो, आणि मग आपण त्याला ‘वांड’ म्हणतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा 1960 चा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये क्रूरतेची जी यादी आहे, त्यात मारहाण आणि उपासमार तर आहेच. पण कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडू-फिरू न देणं, हेही त्यात स्पष्टपणे नोंदवलेलं आहे. फरशी कोरडी राहावी म्हणून कुत्र्याला घरात अडकवणं हा निरुपद्रवी आळस नव्हे. त्याच्या वाट्याचं आयुष्य आपण आपल्या सोयीसाठी कापून घेत असतो.

म्हणून बाहेर न्यायचं, आणि परत आल्यावर नीट पुसायचं. या पुसण्यातही एक प्रामाणिकपणा लागतो. त्यातलं काय त्याच्यासाठी आहे आणि काय आपल्यासाठी, हे मनाशी स्पष्ट असावं. पायांचे ठसे उमटू नयेत ही आपली गरज आहे आणि त्यात गैर काही नाही. पण ठसे उमटणार नाहीत इतपत पाय पुसले, की पुष्कळांचं काम संपतं. त्याच्या हिताचं काम तिथून पुढे सुरू होतं.

ओल सर्वांत जास्त राहते ती बोटांच्या बेचक्यांत. तिथली कातडी लाल होते, कुत्रा ती चाटत बसतो, चाटण्याने ओल आणखी वाढते आणि बुरशी धरते. म्हणून बादलीत कोमट पाणी घेऊन एकेक पाय त्यात बुडवावा, बेचक्यांतला चिखल आपल्या बोटांनी हलकेच सोडवावा आणि मग जुना सुती पंचा दाबून पाणी टिपावं. ओला चिखल पंचाने घासला तर तो केसांच्या मुळाशी जातो. मग पोट, बगला आणि मांड्यांच्या आतली बाजू. लॅब्रॅडॉर, बीगल, कॉकर स्पॅनियल अशा लोंबत्या कानांच्या कुत्र्यांच्या कानात दमट हवा कोंडते, म्हणून कानाची पाळी उचलून आतला दिसणारा भाग कोरडा करावा. कानाची नळी आत वळलेली असते, त्यामुळे काडी खुपसू नये. हात फिरवता फिरवता कानामागे, मानेखाली, बोटांत गोचीड लागते का पाहावं. गोचिडीतून एर्लिकिया, बबेसिया यांसारखे जंतू कुत्र्याच्या रक्तात जातात आणि त्यातून येणारा ताप जिवावर बेततो. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी, रॉकेल ओतू नये.

साचलेल्या पाण्याचा धोका तर आपल्यालाही आहे. 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसं दगावली, हे आपण विसरलेलो नाही. उंदीर-घुशींच्या मुतातून हे जंतू डबक्यांत उतरतात आणि कातडीवरच्या जखमेतून शरीरात शिरतात. कुत्र्यालाही हा रोग होतो आणि त्याच्या लघवीतून तो माणसापर्यंत पोचू शकतो. त्याची लस कुत्र्याला दरवर्षी द्यावी लागते. आपल्या हाताला जखम असेल तर हातमोजे घालूनच पाय धुवावेत. त्याचे पाय धुताना आपण घरातल्या मुलांचीही काळजी घेत असतो.

काळजीचा अतिरेकही नको. माणसाची कातडी काहीशी आम्लधर्मी असते, कुत्र्याची उदासीनतेच्या जवळ. आपला साबण त्याला मानवत नाही, आणि रोज रोज शॅम्पू लावला तर कातडीवरचं तेल निघून जातं आणि खाज सुटते. रोजच्या चिखलाला साधं पाणी पुरतं. उग्र जंतुनाशक पाण्यात घालू नये, कारण थोड्याच वेळात तो तेच पाय चाटणार असतो.

या कामात त्याचाही वाटा आहे, हे ध्यानात घ्यावं. ओला कुत्रा अंग झटकतो तेव्हा भिंतीवर शिंतोडे उडतील म्हणून आपण त्याला धरून ठेवतो. जॉर्जिया टेक या अमेरिकेतल्या संस्थेतील संशोधकांनी उंदरापासून अस्वलापर्यंतचे प्राणी अंग कसं झटकतात याचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि 2012 मध्ये ते प्रसिद्ध केलं. अंगावरचं सुमारे 70 टक्के पाणी प्राणी क्षणार्धात उडवू शकतात, असं त्यात दिसलं. उंदीर सेकंदाला तीसच्या आसपास हेलकावे देतो, तर लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या कुत्र्याला चार-साडेचार पुरतात. निसर्गाने त्याला इतकं चोख साधन दिलं आहे. इमारतीत शिरण्याआधी दोन मिनिटं थांबून त्याला ते वापरू दिलं, तर आपलं निम्म्याहून अधिक काम तोच करून टाकतो.

पुसताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची संमती. पंजा हा कुत्र्याच्या शरीराचा फार हळवा भाग आहे आणि तो कोणी घट्ट धरला, की पळण्याची वाट बंद होते. तो मान फिरवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, पाय मागे ओढतो. ही त्याची बोलण्याची रीत आहे. ते बोलणं आपण ऐकलं नाही, तर तो गुरगुरतो. गुरगुरणं हा उद्धटपणा नव्हे. चावण्याची वेळ येऊ नये म्हणून त्याने दिलेली ती सूचना असते. त्याबद्दल मारलं, तर तो सूचना द्यायचं सोडून देतो आणि पुढच्या वेळी सरळ दात लावतो. पिल्लू असल्यापासून पंजाला क्षणभर हात लावायचा, खाऊ द्यायचा, सोडून द्यायचं, असं करत गेलं तर पुढे तो स्वतःहून पाय पुढे करतो. वाळवण्यासाठी ड्रायर वापरायचा असेल तर हवा गरम नको, आणि त्या आवाजाचा विचार हवा. माणसाला सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 45,000 पर्यंत. आपल्याला साधी घरघर वाटते ती त्याला असह्य होऊ शकते.

हे सगळं करायचं कोणी, हा प्रश्न पुष्कळ सुखवस्तू घरांत विचारलाच जात नाही. कुत्र्याला जवळ घेऊन फोटो काढणारे हात वेगळे असतात आणि त्याचे माखलेले पाय धुणारे वेगळे. घरकामाला येणाऱ्या मावशींना भांडी-लादीसाठी ठेवलेलं असतं, पण पावसाळ्यात कुत्र्याचे पायही हळूहळू त्यांच्या अंगावर पडतात. त्यांना कुत्र्याची भीती वाटते का, हे काम त्यांनी कबूल केलं होतं का, त्याचे वेगळे पैसे मिळतात का, हे कोणी विचारत नाही. जिना आणि लिफ्टमधला चिखलही कोणाला तरी वाकून पुसावा लागतो. सोसायटीने पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू नये, त्यांना लिफ्ट नाकारू नये, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना सांगतात. हा अधिकार योग्यच आहे. पण तो वापरणाऱ्याने आपल्या कुत्र्यामागचे ठसे स्वतः पुसले, तरच तो शोभतो.

आपल्या समाजात घाण करणारा आणि ती काढणारा यांची फारकत शतकानुशतकं केली गेली आणि काढणाऱ्याला खालचं मानलं गेलं. गाडगेबाबांनी दिवसा स्वतः हातात खराटा धरून गावं झाडली आणि रात्री त्याच गावात कीर्तन केलं. मुक्या जिवांना अभय द्या, हेही ते आयुष्यभर सांगत राहिले. स्वच्छता आणि भूतदया या दोन गोष्टी त्यांच्याकडे एकाच माणसात नांदत होत्या. आपल्या घरातही त्या एकाच हातात याव्यात. ज्याला कुत्र्याच्या प्रेमाचं सुख हवं, त्यानेच त्याचे पाय धुवावेत. घरातल्या मुलांना तर हे काम आवर्जून शिकवावं. लाड करणं त्यांना आपोआप येतं. किळस बाजूला ठेवून, घाई न करता, बोलता न येणाऱ्या जिवाची सेवा करणं मात्र शिकवावं लागतं.

याच पावसात रस्त्यावरचे कुत्रेही भिजत असतात. वाहनतळात, जिन्याखाली ते कोरडी जागा शोधत येतात. आपल्या कुत्र्याला मऊ पंचाने टिपणारा माणूस त्यांच्यावर काठी उगारतो, तेव्हा त्याचं प्रेम आपल्या मालकीच्या वस्तूपुरतंच होतं असं म्हणावं लागेल. प्रत्येक कुत्र्याला घरात घेता येत नाही. पण आडोशाला एक कोरडं पोतं अंथरता येतं आणि पाऊस ओसरेपर्यंत तिथे बसू देता येतं.

कुत्रा आणण्याचा बेत बहुधा वाढदिवसाच्या किंवा सुट्टीच्या उत्साहात ठरतो. दुकानात पिल्लू गोजिरवाणं दिसतं. दाट, दुपदरी केसांच्या हस्कीसारख्या जातीही आपल्या दमट हवेत हौसेने आणल्या जातात, आणि त्यांच्या आतल्या थराची ओल तासन्‌तास हटत नाही. माझं सांगणं एवढंच आहे, की हा बेत करताना घराने एक प्रश्न स्वतःला विचारावा. जुलैच्या सकाळी, कामावर निघायची घाई असताना, माखलेल्या कुत्र्यासमोर पंचा घेऊन शांतपणे कोण बसणार? ‘बघू’, ‘सगळे मिळून करू’, ‘मावशी आहेत ना’ ही उत्तरं असतील तर पिल्लू आणू नये. घरातल्या एका तरी माणसाने ‘मी बसेन’ असं म्हटलं आणि ते वर्षानुवर्षं पाळायची तयारी ठेवली, तर त्या घराने कुत्रा जरूर आणावा.