शेवटच्या संध्याकाळचा भाव



गेल्या वर्षी एका सभेसाठी दिल्लीला गेलो होतो. रविवारी पहाटेची मिस्सा आटोपून महिला हाटमध्ये गेलो. दर्यागंजच्या फुटपाथवरचा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ पासून तेथे भरतो. काही पुस्तके चक्क किलोवर मिळतात. विक्रेत्याने सांगितलेल्याच भावात दोन चांगली पुस्तके स्वस्तात मिळाली.

संध्याकाळी दिल्ली हाट गाठले. १९९४ साली सुरू झालेल्या या बाजारात देशभरातले कारागीर आळीपाळीने, थोड्या दिवसांसाठी गाळा घेऊन आपला माल विकतात. बस्तरच्या एका कारागिराकडे ढोकरा कामाचा पितळी बैल होता. मातीच्या आकारावर मेणाचे दोरे गुंडाळायचे, वर माती लिंपून भाजायचे, मेण वितळले की त्या जागी पितळ ओतायचे आणि शेवटी साचा फोडायचा. म्हणून एकासारखा दुसरा बैल होत नाही. किंमत बाराशे रुपये. मी सातशेवर अडून बसलो. तो म्हणाला, "आज शेवटचा दिवस आहे, उद्या गाडी आहे. घेऊन जा, साहेब."

बाजी मारल्याच्या आनंदात परतलो, पण रात्री झोप लागेना. तो राजी होता, मग माझे काय चुकले?

संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकात रास्त किमतीचा विचार केला आहे. ते सांगतात, रास्त किंमत काट्यावर तोललेली नसते. थोडे कमी-अधिक चालते. म्हणजे घासाघीस हे पाप नव्हे. पण ग्राहकाला निकड आहे म्हणून विक्रेत्याने भाव चढवू नये. ती निकड ग्राहकाची आहे, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. हेच मी उलटे करून पाहिले. त्या संध्याकाळी मी नुसता बैल घेतला नव्हता. त्या माणसाची अडचणही विकत घेतली होती. पोप लिओ तेरावे यांनीही १८९१ च्या परिपत्रकात बजावले आहे की, गरजेपोटी मजुराने अपुरी मजुरी मान्य केली, तरी तो अन्यायच ठरतो. राजी होणे वेगळे, नाइलाज होणे वेगळे.

त्या कारागिराचा पत्ता माझ्याकडे नाही. पाचशे रुपये परत करता येत नाहीत. बैल मात्र टेबलावर आहे.

आपल्या बाजारातही दिवेलागणीला टोपलीत दोन जुड्या उरलेली मावशी "ने बाबा, देशील ते दे" म्हणते. तेव्हा आपण काय देतो, भाजीची किंमत की तिच्या शेवटच्या बसची?

आपला,
प्रमुख धर्मगुरू