आमच्या गावाचा दर्जा

गेल्या श्रावणात नववीच्या वर्गाला निबंधाचा विषय दिला होता : 'वीस वर्षांनंतरचे माझे शहर'. आमची देवासची शाळा हिंदी माध्यमाची. मराठी घरांतली मुलेही निबंध हिंदीत लिहितात आणि घरी जाऊन आईशी मराठीत भांडतात. चाळीस वह्या तपासल्या. त्यांतल्या पस्तीस-छत्तीस वह्यांत एकच शब्द होता, 'विश्वस्तरीय'. विश्वस्तरीय रस्ते, विश्वस्तरीय स्टेशन, विश्वस्तरीय बाजार. वह्या परत देताना मी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने उलट मलाच विचारले, "सर, विश्वस्तरीय मतलब किसके जैसा?" तेवढ्यात घंटा झाली म्हणून मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही.

मराठीत आपण 'जागतिक दर्जा' म्हणतो. पण आमच्याकडची जुनी माणसे शाळेच्या इयत्तेलाही दर्जाच म्हणत. माझे आजोबा 'दर्जा चार पास' होते आणि ते अभिमानाने सांगत. दर्जा आला की परीक्षा आली, आणि परीक्षा आली की परीक्षक आला. शहराला जागतिक दर्जा हवा असे म्हणताना हा परीक्षक कोण, हे विचारायला नको का? रोज त्या शहरात राहणारा, की दोन दिवसांसाठी येऊन परत जाणारा?

प्रश्न हवेतला नाही. इंदूर, उज्जैन, देवास आणि धार यांना एकत्र गुंफून महानगर क्षेत्र करण्याचे घाटते आहे. त्यासाठीचे विधेयक २०२५ मध्ये राज्याच्या विधानसभेने मंजूर केले. त्याच वर्षी सप्टेंबरात धार जिल्ह्यातल्या भैंसोला येथे मोठ्या वस्त्रोद्योग संकुलाची पायाभरणी झाली. २०११ च्या जनगणनेत देवासची वस्ती दोन लाख नव्वद हजारांच्या आसपास होती, धारची लाखाच्याही आत. अशी मध्यम गावे उद्या इंदूरचे बोट धरून जगाच्या रांगेत उभी राहणार आहेत.

या आकांक्षेची टिंगल मला आवडत नाही. टिंगल बहुधा तेच करतात, ज्यांची मुले आधीच पुण्या-मुंबईला पोचलेली असतात. माझाही मुलगा पुण्यातच आहे, तेव्हा आधी मी स्वतःचाच कान धरतो. देवासात कारखाने आले, सत्तरच्या दशकात नोटांचा छापखाना आला, म्हणून कित्येक घरांत चूल पेटली, मुली शिकल्या. संस्थानी देवास आठवून उसासे टाकणाऱ्यांनी हेही आठवावे की एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये होती आणि सामान्य माणूस दोन्हीकडे प्रजाच होता. जगात नाव म्हणाल, तर तेही होते. इ. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. १९५३ मध्ये त्यांचे 'द हिल ऑफ देवी' निघाले आणि आपली टेकडी विलायतेला पोचली. पण ज्या दरबाराचे ते वर्णन, तो दरबार त्याआधीच कर्जात बुडाला होता. महाराज तुकोजीराव पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. नाव जगात आणि तिजोरी रिकामी, हा धडा आपल्या गावाने एकदा गिरवलेला आहे.

दुसरा धडा माझ्या डोळ्यांसमोरचा. मालव्यात पावलागणिक पाणी, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण गाव वाढण्याच्या घाईत देवासातले लहानमोठे तलाव बुजवले गेले आणि त्यांवर घरे, कारखाने उठले. शेवटी एप्रिल १९९० मध्ये इंदूरहून पन्नास टँकर पाणी घेऊन रेल्वेगाडी देवासला आली. ढोल वाजवून तिचे स्वागत झाले. मी तेव्हा कॉलेजात होतो. मित्रांबरोबर स्टेशनवर गेलो आणि, खरे सांगतो, टाळ्याही वाजवल्या. घरी आल्यावर आजी म्हणाली, "अरे, पाणी पाहुण्यासारखं आलं म्हणून टाळ्या कसल्या वाजवतोस? ते घरचंच होतं ना?" देशासाठी नोटा छापणारे गाव, आणि तहान भागवायला दुसऱ्या गावाहून आलेली गाडी! पुढे २००६ पासून याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत हजारो तळी खोदली, आणि ती बघायला दूरदूरची माणसे आली. जगाला दाखवण्याजोगे हे काम जगाला दाखवण्यासाठी केलेले नव्हते. विहिरीला पाणी यावे म्हणून केलेले होते.

धारकरांचा धडा तर ताजाच आहे. त्यांच्या जिल्ह्यातले पीथमपूर उद्योगनगरी म्हणून नावारूपाला आले. २०२५ च्या आरंभी भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी तिथेच आणला गेला. लोक रस्त्यावर उतरले, तरी त्याच वर्षी तो तिथेच जाळला गेला. जगाच्या उद्योगाला जागा दिली की कधी ना कधी त्याच्या राखेलाही द्यावी लागते.

आता देवासचे नाव जगात खऱ्या अर्थाने कशामुळे गेले, ते पाहू. १९४८ मध्ये बेळगावकडचा एक तरुण गायक क्षयाने खंगून इथे आला. मालव्याची कोरडी हवा मानवेल, एवढीच आशा. मातृभाषा कन्नड, संसार मराठी आणि आजूबाजूचे बोलणे मालवी. पाचेक वर्षे कुमार गंधर्व अंथरुणावर होते आणि गाण्याला मनाई होती. पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर सांभाळले. पडल्या पडल्या कुमारजींच्या कानावर काय पडले? बायकांची मालवी गाणी आणि जोग्यांची निर्गुणी भजने. बरे होऊन ते पुन्हा गायला बसले तेव्हा ते सारे त्यांच्या गाण्यात उतरले होते. मोठ्या शहरांची दारे उघडी असूनही ते इथेच राहिले आणि जानेवारी १९९२ मध्ये इथेच गेले. तेव्हा देवासकडे होते काय? स्वच्छ हवा, परवडणारे घर, शिक्षिकेची एक नोकरी आणि आजारी परक्याला सांभाळून घेणारा शेजार. जागतिक दर्जाचे यातले काहीच नव्हते. पण हे नसते, तर ते गाणेही जगाला मिळाले नसते.

आज असा एखादा आजारी माणूस केवळ हवेसाठी देवासला येईल का? शहराच्या दर्जाची खरी परीक्षा मला या प्रश्नात दिसते.

चुकीचा परीक्षक निवडण्याचा दोष माझ्याही पदरी आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी बोर्डाच्या प्रावीण्य यादीत आला. फाटकावर त्याचा मोठा फलक लावला, पेढे वाटले, भाषण केले. त्याच वर्षी नववीतली अकरा मुले शाळेत यायची थांबली होती. वर्षअखेरीस हजेरीपटावर त्यांच्या नावांवर लाल रेघा ओढल्या गेल्या, तेव्हा मला कळले की त्यांतल्या एकाच्याही घरी मी गेलो नव्हतो. फलक मात्र दोनदा बदलून मोठा केला होता. पहिला आलेला मुलगा कदाचित शाळेवाचूनही पहिला आला असता. शाळेची गरज त्या अकरांना होती.

'कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली' ही म्हण धारच्या भोजामुळे घरोघरी गेली. त्याच भोजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा वास्तू आणि नगररचनेचा ग्रंथ आहे. म्हणजे शहर उत्तम आखावे ही हौस आपल्या मातीतलीच आहे, ती कोणाकडून उसनी आणायला नको. मध्यम गावाने मोठी आकांक्षा जरूर धरावी. पण तिचे माप भोजाच्या महालाच्या उंबरठ्यावर घ्यायचे की गंगूच्या, हे आधी ठरवावे. गंगूच्या नळाला पाणी आहे, त्याची म्हातारी आई न घाबरता रस्ता ओलांडते आणि त्याच्या मुलीला शिकायला व पोटापाण्याला गाव सोडावे लागत नाही, असे ज्या गावात घडेल त्या गावाला दर्जाच्या पाटीची गरज उरणार नाही.

सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा त्या मुलीला उत्तर द्यायचे आहे. मी म्हणेन, "किसी के जैसा नहीं, बेटा. कोई बीमार परदेसी तेरी गली में आकर चैन से रह सके, बस वैसा." ती हुशार आहे. ती लगेच विचारील, "सर, अभी रह सकता है क्या?" त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्यासाठी या दिवाळीत एकदा तिच्या गल्लीत जाऊन यायला हवे.