येऊ घातलेली आवृत्ती

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची सुधारित आवृत्ती येणार, हे ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झालं. त्यातलं ‘प्लेअर्स हँडबुक’ बाजारात आलं सप्टेंबर २०२४ मध्ये आणि ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ फेब्रुवारी २०२५ मध्ये. मुख्य पुस्तकं तिन्ही नवीच घ्यायची म्हणून जो थांबला, त्याची अडीच वर्षं वाट पाहण्यात गेली. मित्रांची टोळी पांगायला एवढा काळ पुष्कळ झाला. कुणाला दुसऱ्या गावी नोकरी लागते, कुणाच्या घरी पाळणा हलतो, आणि शनिवारची बैठक एकदा मोडली की मोडतेच. अशा वेळी पुस्तक घ्यावं की थांबावं, याचा हिशेब लोक पैशांत मांडतात. मला तो सोबतीच्या काळात मांडावासा वाटतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली आला तेव्हा एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. आज मुख्य पुस्तकं तीनतीनशे पानांच्या वर गेली आहेत, पण बैठकीचं रूप तेच आहे. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राच्या तोंडून बोलतो, एक जण सगळं जग चालवतो, आणि पुढे काय होईल अशी शंका आली की फासा टाकतात. हे पुस्तक एकट्याला वाचता येतं. त्याचा उपयोग व्हायला मात्र मंडळी लागतात.

विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशन कंपनीतल्या रायन डॅन्सीने हे नेमकं हेरलं होतं. या खेळाचं बळ तो जाणणाऱ्या माणसांच्या जाळ्यात आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच विचारातून २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर खुला परवाना निघाला: नियमांचा गाभा कुणीही घ्यावा आणि त्यावर आपलं पुस्तक छापावं. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि ती पुष्कळांना मानवली नाही. तेव्हा पायझो या दुसऱ्या प्रकाशनाने त्याच परवान्याच्या आधारावर जुने नियम थोडे दुरुस्त करून २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ या नावाने काढले. त्याची दुसरी आवृत्ती थेट २०१९ मध्ये आली. मूळ प्रकाशकाने मागे टाकलेले नियम अशी दहा वर्षं नव्या पुस्तकांसह नांदले, कारण ते खेळणारी माणसं हटली नव्हती.

आवृत्ती बदलते म्हणजे काय होतं, हे ‘बुल्स स्ट्रेंग्थ’ या बळ वाढवणाऱ्या मंत्रावरून कळेल. २००० च्या पुस्तकात तो मांत्रिकाच्या दर पातळीमागे एक तास टिके. तीनच वर्षांनी आलेल्या ‘३.५’ या दुरुस्त आवृत्तीत तो दर पातळीमागे एक मिनिट टिकू लागला. पाचव्या पातळीचा मांत्रिक सकाळी मंत्र टाकून दुपारपर्यंत निर्धास्त असायचा; आता शत्रू समोर आल्याशिवाय तो वापरण्यात अर्थ उरला नाही. अशा बारीक दुरुस्त्या मला मोठ्या उलथापालथीपेक्षा जास्त जाचक वाटतात. दोन्ही पुस्तकं वरवर सारखीच दिसतात, एकाच टेबलावर दोघांच्या हातात दोन प्रती असतात, आणि ऐन लढाईत वाद पेटतो. मोठा बदल निदान लपत नाही. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत चिलखताचा आकडा जितका कमी तितका बचाव चांगला; तिसरीने हे उलटं केलं. वीसमधून जुना आकडा वजा करायचा की झालं, चाराचे सोळा. जुन्या साहसांच्या, म्हणजे खेळायच्या छापील कथानकांच्या, समासात पेन्सिलीने लिहिलेले असे आकडे दिसले की मला फार बरं वाटतं. कुणीतरी ते पुस्तक टाकून न देता खेळत राहिलं, याची ती खूण असते.

बुद्धिबळातही हे घडलंच आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आजची लांब चाल मिळाली, प्याद्याची पहिली दोन घरांची उडीही तिकडचीच. आपल्याकडच्या देशी डावात प्यादं पुढेही कितीतरी काळ एकेकच घर चालत राहिलं, आणि त्या खेळाची खोली त्यामुळे काही उणी झाली नाही.

म्हणून मंडळी जमलेली असतील तर मी म्हणेन, ती जे खेळतात तेच घ्या, आजच घ्या. आवृत्तीच्या अखेरच्या काळात चुका दुरुस्त झालेल्या असतात, कोणता नियम कुठे अडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मंडळीच नसतील तर मात्र थांबलेलं बरं. नवी माणसं बहुधा नव्या पुस्तकाभोवती जमतात. साहसांची पुस्तकं तर बिनघोर घ्यावीत. गायगॅक्सचं ‘टूम ऑफ हॉरर्स’ १९७८ चं. २०१७ मध्ये ते पाचव्या आवृत्तीच्या नियमांत पुन्हा छापलं गेलं. आणि २०१२ मध्ये, पाचव्या आवृत्तीची चाचणी उघडपणे चालू असताना, विझर्ड्सनेच सत्तरच्या दशकातली मुख्य पुस्तकं आणि ३.५ ची मुख्य पुस्तकं नव्याने छापून विकायला काढली. ज्यांचा डाव मोडला नव्हता, त्यांना फाटक्या प्रतीच्या जागी कोरी प्रत मिळाली.