उत्तर मिळाले, इल्मचे काय?

दहावीत शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने गेल्या रमजानमध्ये शाळेसाठी निबंध लिहिला. त्यात एक हदीस होती. ग्रंथाचे नाव आणि क्रमांकही दिलेला. मी तो खंड उघडला. त्या क्रमांकावर वुजूविषयीची निराळीच रिवायत निघाली, निबंधातले वचन कोठेच सापडेना. विचारल्यावर तो सहज म्हणाला, "चाचा, एआयने दिली."

मला राग आला नाही, भीती वाटली. हे यंत्र अफाट मजकुराच्या आधारे पुढचा शब्द कोणता असावा याचा अदमास बांधत वाक्य रचते. खरे आणि खऱ्यासारखे यांतील भेद त्याला कळतोच असे नाही. आपल्याकडे हदीसच्या मजकुराइतकेच महत्त्व सनदेला आहे: कोणी ऐकले, कोणाकडून ऐकले, सांगणारा सच्चा होता काय? इमाम मालिक (रह.) दूरचा प्रवास करून आलेल्या माणसालाही "मला ठाऊक नाही" असे निःसंकोच सांगत. इल्म देणाऱ्याला अल्लाहपुढे उभे राहायचे असते. सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागण्याची मनाई आहे. कान, डोळे आणि अंतःकरण यांचा जाब विचारला जाणार आहे. यंत्राला हिशेबाचा दिवस नाही. आपल्याला आहे.

मग हे साधन मुलांच्या हातून काढून घ्यावे काय? ज्याला ट्यूशनची फी परवडते त्याने असे म्हणणे सोपे आहे. उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुलगी अकरावी सायन्सला जाते आणि सारे भौतिकशास्त्र एकाएकी इंग्रजीत होते. वडील रिक्षा चालवतात. संध्याकाळच्या क्लासला धाडायला घरचे कचरतात. वीस वेळा विचारले तरी न चिडणारा शिक्षक तिला मिळत असेल, तर ती अल्लाहची नेमतच होय.

पण नेमतीचाही हिशेब आहे. २०२३ मध्ये तुर्कस्तानातील एका हायस्कुलात सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. थेट उत्तरे देणारा चॅटबॉट हाती असताना सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी उंचावली. तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हीच मुले, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. आपण कमी शिकलो हे त्यांना जाणवलेही नाही. उत्तर राखून केवळ इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचे हे नुकसान बहुतांशी टळले.

येथे सूरह कहफ आठवते. हजरत मूसा (अ.) यांच्यासारख्या प्रेषितालाही हजरत खिज्र (अ.) यांनी उत्तर आधी दिले नाही. नावेला भोक पडले, पडकी भिंत उभी राहिली. उलगडा मात्र निरोपाच्या वेळी झाला. मधली घालमेल सोसणे हाच तेथे विद्यार्थ्याचा अभ्यास होता. अक्कल ही अमानत आहे, आणि दुसऱ्याकडून सोडवून घेतलेले गणित वहीत आपले म्हणून उतरवणे हे गुरुजींशी खोटे बोलण्याआधी त्या अमानतीशी खोटे बोलणे आहे.

पुतण्यासाठी मी नियम केला: आधी स्वतः झगडायचे, अडल्यास यंत्राकडे फक्त पुढची पायरी मागायची आणि दीनची बाब मौलानासाहेबांना विचारायची. त्याने निमूटपणे ऐकले. मग म्हणाला, "चाचा, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर हदीस पाठवता, त्यांची सनद पाहता का?"

त्या रात्री खानदानाच्या ग्रुपवर मला एका संदेशाबद्दल माफी मागावी लागली.